हिडकलच्या पाण्यातले आजोळ

पावसाळा सुरू झाला की आमच्या घरी पेपर आधी आईच्या हातात जातो. पहिल्या पानावरचे राजकारण ती न वाचताच उलटते आणि आत कुठेतरी धरणांच्या पातळीची लहानशी चौकट असते, ती शोधून काढते. बेळगावात बहुतेक घरांतून राकसकोपचा आकडा पाहिला जातो. नळाला पाणी कधी येणार याची ती काळजी असते. आई मात्र हिडकलचा आकडा पाहते. हिडकलचे पाणीही बेळगावला येते हे खरे, पण तिचे पाहणे त्यासाठी नाही. २१७५ फूट झाले की हिडकल भरले. आकडा तिकडे सरकू लागला की ती हळूहळू गप्प होत जाते आणि मग एक दिवस पेपरची घडी घालून म्हणते, "झालं. गेलं ह्या वर्षीपुरतं."

जाते ते तिचे माहेर. हुक्केरी तालुक्यात घटप्रभेच्या काठी, हुन्नूरच्या शेजारी तिचे गाव होते. १९७७ साली हिडकलचे धरण पूर्ण झाले. त्याआधीच गाव उठले होते. मी त्या घरी दोनदा जाऊन आलो आहे म्हणे, एकदा बारशाला आणि एकदा चालता येऊ लागल्यावर. मला अर्थातच काही आठवत नाही. घरात आई आम्हा मुलांशी मराठीत बोलते, देवाशी आणि मामांशी कानडीत. गाव आठवले की कानडीत.

आता माझ्याबद्दल थोडे सांगितले पाहिजे, नाहीतर पुढची हकिकत कळायची नाही. मी धंद्याने ऊर्जा सल्लागार आहे. हा धंदा कोणाला समजावून सांगणे फार कठीण. डॉक्टर, वकील, मास्तर म्हटले की संपते. ऊर्जा सल्लागार म्हटले की समोरचा विचारतो, "म्हणजे सोलर बसवता का?" नाही म्हटले तर, "मग वीज बोर्डात आहात?" आई शेजारणींना चार शब्दांत सांगून मोकळी होते, "नम्म मगा करंट उळसतान." आमचा मुलगा करंट वाचवतो. माझ्या व्हिजिटिंग कार्डावर याहून लांबलचक मजकूर आहे, पण अर्थ एवढाच.

वडील उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत होते. बेळगावच्या फाउंड्रीतला माणूस घरी आला की त्याच्या अंगाला वाळूचा आणि जळक्या तेलाचा एक वास असतो. तो आंघोळीनेही पूर्ण जात नाही. मी मेकॅनिकल इंजिनिअर झालो आणि त्याच पट्ट्यात नोकरीला लागलो. तेव्हा क्युपोला जाऊन इंडक्शन फर्नेस येण्याचे दिवस होते. कोळशाचा धूर गेला आणि विजेचे बिल आले. २००१ साली ऊर्जा संवर्धनाचा कायदा झाला, मागोमाग दिल्लीत ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो स्थापन झाला आणि २००४ पासून ऊर्जा ऑडिटरची राष्ट्रीय परीक्षा सुरू झाली. दुसऱ्या खेपेला मी ती पास झालो, नोकरी सोडली आणि दोन मीटर व एक जुनी स्कूटर एवढ्या भांडवलावर स्वतःचे काम सुरू केले.

हे काम म्हणजे बहुतेक वेळा गळती शोधणे. एक टन लोखंड वितळवून ओतण्याच्या तापमानाला न्यायला शास्त्राप्रमाणे चारशेच्या आत युनिट पुरतात. प्रत्यक्षात साडेपाचशे ते साडेसहाशे लागतात, कुठे कुठे त्याहूनही जास्त. मधली युनिटे जातात कुठे, हे शोधायचे. कधी भट्टीचे झाकण कोपऱ्यात पडलेले असते, कारण दर वेळी ते ओढायचा कामगारांना कंटाळा येतो. कधी धातू तयार असतो आणि साचे तयार नसतात, मग वितळलेले लोखंड तासभर नुसतेच गरम ठेवावे लागते. कॉम्प्रेस्ड हवेची गळती ऐकायला मी मुद्दाम रविवारी जातो. कारखाना बंद, सगळीकडे सामसूम, फक्त कॉम्प्रेसर चालू ठेवायचा आणि कान देऊन पाइपलाइनच्या कडेने चालायचे. सूं... सूं... सगळीकडून. सात बारच्या दाबावर तीन मिलिमीटरचे एक भोक तीन किलोवॅटच्या आसपास वीज खाते. कॉम्प्रेसर रात्रंदिवस चालत असेल तर वर्षाला पंचवीस हजारांच्या आसपास युनिटे एवढ्याशा भोकातून जातात. मालकाला हे सांगितले की तो आधी हसतो, मग हिशेब करतो, मग फोरमनला हाक मारतो. आजवर कोणा मालकाने पर्यावरणासाठी भोक बुजवलेले मी पाहिले नाही. बिलासाठी बुजवतात. माझी त्याला हरकत नाही.

या धंद्यातून एक नाद लागला, जुनी वीजघरे आणि धरणे पाहत हिंडण्याचा. खोपोलीचे १९१५ सालचे टाटांचे वीजघर, भिरा, शिवनसमुद्र, जोग, सगळी पाहून आलो. हिवाळ्यात पाखरे पाहायला घटप्रभेच्या काठी धुपदाळला जातो, तोही याच नादाचा भाग. पाणी जिथे अडवले तिथे पाखरे येतात. एवढे सगळे केले. पण घरापासून पन्नासेक किलोमीटरवरच्या हिडकलला आईला घेऊन काही गेलो नाही. तिने कधी आग्रह धरला नाही हे माझे कारण, आणि मला सवड नव्हती हे दुसरे. दोन्ही कारणे लंगडी आहेत हे मलाही माहीत होते.

२०२३ चा उन्हाळा लांबला. मान्सून केरळात ८ जूनला आला आणि आमच्याकडे यायचे नावच घेईना. हिडकलचे पाणी खाली खाली गेले आणि हुन्नूरचे विठ्ठलाचे देऊळ पाण्याबाहेर आले. एरवी ते जलाशयाच्या पोटात असते. पाणी फार आटले तरच दिसते. मामेभावाने मोबाइलवर व्हिडिओ पाठवला. आईने तो तीनदा पाहिला आणि चष्मा पुसून म्हणाली, "चल की रे एकदा. पुढच्या वर्षी मी असेन नसेन."

नेमके त्याच आठवड्यात माझ्या टेबलावर एक अहवाल अर्धा लिहून पडला होता. बाहेरच्या एका कंपनीला एका जलाशयावर तरंगते सोलर पॅनेल टाकता येतील का, हे पाहायचे होते. जलाशय हिडकल नव्हे, दुसऱ्या जिल्ह्यातला. प्राथमिक अभ्यासाचे काम माझ्याकडे आले होते. तरंगते सोलर ही चांगली गोष्ट आहे, हे आधी सांगून टाकतो. जमीन लागत नाही, पाण्याच्या गारव्याने पॅनेल थोडी जास्त वीज देतात, बाष्पीभवनही कमी होते. तेलंगणात रामगुंडमच्या जलाशयावर १०० मेगावॅटचा असा प्रकल्प २०२२ पासून चालू आहे. माझ्या अहवालाच्या दुसऱ्या पानावर एक वाक्य होते, 'जलाशयाचा पृष्ठभाग सध्या विनावापर आहे.' मीच लिहिलेले. असे वाक्य अशा अहवालात असतेच.

रविवारी पहाटे आम्ही निघालो. आई, मी आणि माझी मुलगी. काकती, वंटमुरीचा घाट, पुढे हायवे सोडून आत. गाडीत आईने काही खाल्ले नाही. "देवदर्शन झाल्यावर बघू," म्हणाली. मुलीने कानातली वायर काढून आजीला गावाबद्दल विचारायला सुरुवात केली आणि आई बोलत सुटली. मी चाळीस वर्षांत जे विचारले नव्हते ते पोरगी पंधरा मिनिटांत विचारून गेली.

हिडकल धरणाला वंटमुरीच्या राजा लखमगौडा सरदेसाईंचे नाव आहे. बेळगावकरांना हे नाव कॉलेजांमुळे ठाऊक असते. जलाशयात ५१ टीएमसी पाणी मावते. एक टीएमसी म्हणजे सुमारे दोन हजार आठशे कोटी लिटर. याच्या पुढचा गुणाकार करून काही डोळ्यांसमोर येत नाही, म्हणून मी तो कोणाला सांगत नाही. धरणाच्या पायथ्याशी ३२ मेगावॅटचे वीजघर आहे, ते १९९२ सालचे. माझ्यासारख्या माणसाला एरवी तिथे दोन तास लागले असते. त्या दिवशी गाडी थांबवली नाही.

काठावर जत्राच भरली होती. मोटारसायकली, टेम्पो, भज्यांचे गाडे, उसाच्या रसाचे चरक. जिथे पाणी असायला हवे तिथे मैलभर भेगाळलेला गाळ आणि त्यातून माणसांची रांग देवळाकडे चाललेली. पोरे देवळाच्या कठड्यावर चढून फोटो काढत होती. मला वाटले, आईला राग येईल. तिचे तिकडे लक्षही नव्हते. देऊळ अजून बरेच लांब असताना ती एकदम थांबली, आजूबाजूला पाहिले आणि पायातल्या चपला काढून हातात घेतल्या.

"अगं, ऊन तापलंय. देवळापाशी काढ," मी म्हणालो.

"इथून गावठाण लागतं," ती म्हणाली.

मला तर तिथे गाळाशिवाय काही दिसत नव्हते.

देऊळ दगडी आहे. वर्षाचे बहुतेक महिने पाण्यात राहूनही ते उभे आहे याचे येणाऱ्या प्रत्येकाला नवल वाटते. माझ्यातला इंजिनिअर म्हणाला की कायम पाण्याखाली असलेला दगड तसा सुरक्षितच; त्रास होतो तो वर्षावर्षाला भिजण्या-सुकण्याचा. हे मी मोठ्याने बोललो नाही. आत ओला, थंड वास होता. लोकांनी हळदकुंकू आणि फुले वाहिली होती. आई उंबऱ्याशी बसली आणि विठ्ठलाशी कानडीत बोलू लागली. संतांनी विठ्ठलाला कानडा म्हटले आहे, त्यामुळे त्याला अडचण पडली नसावी. मला त्यातले निम्मे ऐकू आले. बाबांच्या जाण्याचे सांगितले, नातीच्या शिक्षणाचे सांगितले, आणि इतकी वर्षे आले नाही त्याबद्दल माफी मागितली. ती माफी खरे तर मी मागायला हवी होती.

मग ती देवळाच्या मागच्या अंगाला चालू लागली. पाठीमागे आम्ही. तिच्या पावलांत शंका नव्हती. मध्येच थांबून ती देवळाकडे वळून बघे, मान तिरकी करी आणि थोडी डावीकडे सरके. काही घरांची जोती अजून दिसत होती, गाळात अर्धी बुडालेली. एका जोत्यापाशी ती खाली बसली आणि हाताने गाळ उकरू लागली. मुलगीही बसली. हातभर उकरल्यावर जमिनीच्या फरशीत कोरलेले उखळ लागले.

"हे आपलंच का गं?" मी विचारले.

"आपलं असेल. शेजारच्या गौड्यांचं पण असेल. त्यांचं पण असंच होतं," ती म्हणाली आणि उखळातला चिखल बोटांनी साफ करत राहिली.

घर नदीपासून चढावर होते. पाणी नदीचे. मुलीने विचारले, "रोज किती घागरी आणायचीस?"

"दहा-बारा. कार्य असलं तर मोजायच्या नाहीत."

सवय वाईट असते. मी मोबाइल काढून हिशेब मांडला. घागर पंधरा लिटरची, चढ दहा मीटरचा धरू. एक युनिट वीज, यंत्रात काहीच वाया गेले नाही असे मानले, तर साधारण ३६ हजार ७०० लिटर पाणी दहा मीटर वर नेते. म्हणजे दोन हजार चारशेहून जास्त घागरी. रोजच्या दहा धरल्या तर आठ महिने आई त्या चढावर पाणी वाहत होती तेव्हा कुठे एक युनिट भरले असते. आज ते युनिट आपल्याला पाच-सात रुपयांना मिळते आणि रात्रभर विसरलेल्या गिझरात दोन-चार सहज जातात. मी हे आईला सांगितले. तिला गंमत वाटली.

"आठ महिन्यांचे सात रुपये? मग माझे बरेच निघतात की रे. कोणाकडून घ्यायचे?"

मग ती कंदिलाबद्दल बोलली. हुक्केरी तालुक्याची स्वतःची वीज सहकारी संस्था आहे, १९६९ साली स्थापन झालेली. कर्नाटकात अशी ती एकच. त्या काळात तालुक्यात गावोगाव खांब उभे राहू लागले होते. आई म्हणते, आमच्या बाजूला कोणी खांब आणले नाहीत. जे गाव बुडणार हे ठरले आहे त्याला वीज कशाला? त्यामुळे तिच्या माहेरी शेवटच्या दिवसापर्यंत कंदील होता. गाव कंदिलाच्या उजेडात उठले. त्या पाण्यावर वीज झाली ती पुढे १९९२ मध्ये, आणि आज तीच वीज कदाचित माझ्या एखाद्या फाउंड्रीच्या भट्टीत जात असेल. वायरीतली वीज कुठून आली हे कोणालाच सांगता येत नाही, हे मी प्रशिक्षण वर्गांत नेहमी सांगतो. त्या दिवशी ते मला वेगळे ऐकू आले.

परतताना पाण्याच्या कडेशी एक म्हातारे गृहस्थ भेटले. गाळाच्या पट्ट्यात त्यांनी उन्हाळी पीक घेतले होते. काढणी झालेली, धसकटे उभी होती. पाणी ओसरेल तसे मागे मागे पेरत जायचे आणि पाणी चढायच्या आत काढून घ्यायचे, यालाच गाळपेर म्हणतात. खताला पैसा लागत नाही, गाळच खत. मी वाकून जमीन बघत होतो, खिशाला पेन होते, त्यामुळे त्यांचा गैरसमज झाला.

"सर्वेक बंदीरेन्री?" सर्व्हेला आलात काय?

"इल्री," मी म्हणालो. नाही. आई लगेच पुढे झाली, गाव सांगितले, बापाचे नाव सांगितले. गृहस्थांनी कपाळावर हात धरून तिच्याकडे पाहिले आणि पुढची वीस मिनिटे दोघे उभ्याने बोलत होते. त्यांचे शेत याच पट्ट्यात होते. मोबदला मिळाला, तो संपला. आता उन्हाळ्यात तीन-चार महिने ते आपल्याच बुडालेल्या शेतावर पेरतात. पलीकडे दोन पोरे जाळी सुकवत होती. त्यांचे पावसाळ्यानंतरचे पोट या पाण्यातल्या माशांवर.

मी त्यांना सर्व्हेला आलो नाही म्हणालो ते खरेच होते. पण घरी टेबलावर पडलेले दुसरे पान मला तिथे उभ्या उभ्या दिसले. तो जलाशय मी मार्चमध्ये पाहिला होता, जीपमधून, बांधावर उभे राहून. पाणी निळे होते, कोणी दिसले नव्हते.

दुपारी मामांकडे जेवलो. मामांचे नवे घर आता नवे राहिलेले नाही, त्याचीही कौले बदलून झाली. ते जलाशयाच्या फुगवट्यावरून पंपाने पाणी उचलून ऊस करतात. मी पंपाकडे बघताच ते हसले. अशा पंपांत शंभर युनिटे गेली तर पाणी उचलण्याच्या खऱ्या कामाला कितीदा पंचवीस-तीसच लागतात. बाकीची जुन्या मोटारीत, अरुंद पाइपात आणि न बदललेल्या फूटव्हॉल्व्हमध्ये जातात. मी तोंड उघडायच्या आत मामा म्हणाले, "तम्मा, पाणी आमचं, करंट सरकारचा. तुझ्या धंद्याला इथं गिऱ्हाईक नाही." कर्नाटकात दहा अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना २००८ पासून वीज फुकट आहे, सीमेपलीकडे महाराष्ट्रातही २०२४ मध्ये साडेसात अश्वशक्तीपर्यंत तसेच झाले. फुकट गोष्टीची गळती कोणी शोधत नाही, हे मला धंद्यात सर्वांत जास्त खुपणारे सत्य. पण 'पाणी आमचं' या दोन शब्दांवर मला काही उत्तर सुचले नाही. मी आणखी एक भाकरी घेतली.

मामा धरणाला शिव्या देत नाहीत. "धरण नसतं तर हा ऊस कुठला?" असे तेच म्हणतात. आई त्यावर काही बोलत नाही. भाऊ-बहिणीचे यावर कधी एकमत झाले नाही आणि भांडणही झाले नाही.

परतीला मी गाडी सरळ बेळगावकडे न घेता नदीच्या खालच्या अंगाला घेतली. आईला एकदा सगळी नदी दाखवू असे मनात आले. धुपदाळचा बंधारा १८९७ चा. हिवाळ्यात इथे दूर उत्तरेकडून करकोचे येतात, आकाशातून त्यांच्या रांगा उतरताना पाहायला मी पहाटे थंडीत कुडकुडत बसतो. जूनमध्ये काय असणार? चार बगळे. आईने काचेतूनच पाहिले आणि झोपी गेली.

गोकाकला पोचलो तेव्हा उन्हे उतरत होती. घटप्रभा इथे सुमारे ५२ मीटर खाली उडी घेते. पावसाळ्यात इथे बोललेले ऐकू येत नाही. त्या दिवशी काळ्या कड्यावर नुसत्या ओल्या रेघा होत्या. कड्याच्या काठी जुनी गिरणी आहे, १८८७ ची. धबधब्याच्या बळावर कापसाचे सूत काढायला ती उभी राहिली, आणि देशात पहिल्यांदा वीज झाली ती इथेच, असे गोकाकचे लोक अभिमानाने सांगतात. दार्जिलिंगजवळच्या सिद्रापोंगचे वीजघर १८९७ चे आणि शिवनसमुद्र १९०२ चे, तेव्हा हा अभिमान पोकळ नाही. मी कॉलेजात असताना याच कड्यावर बसून पहिल्यांदा हिशेब केला होता: इथून एक युनिट वीज काढायची तर सात हजार लिटर पाणी खाली पडले पाहिजे, तेही यंत्राने काही न गिळता. एक मोठा टँकर. तेव्हा हा आकडा सापडल्याचा केवढा आनंद झाला होता. माझा धंदा तिथेच ठरला असावा.

मुलीला मी हे सगळे उत्साहाने सांगत होतो. आई कड्याकडे बघत होती.

"पाणी तिकडं अडवलंय म्हणून इकडं नाही. होय ना?"

"पाऊसही नाही ना, आई. पाऊस पडला की येतं."

"तिकडं भरलं की इकडं येतं," ती म्हणाली. "म्हणजे हा धबधबा बघायला गर्दी होते तेव्हा आमचं गाव पाण्यात असतं."

इतकी वर्षे पावसाळ्यात मी मित्रांना घेऊन गोकाकला येत होतो. धरण भरले, पाणी सोडले, अशी बातमी आली की आमच्या गाड्या निघत. आईला दर वेळी सांगून निघायचो, "गोकाकला जाऊन येतो." ती करदंट आणायला सांगायची.

करदंट त्या दिवशीही घेतला. दुकानदाराशी घासाघीस तिनेच केली.

सोमवारी मी अहवाल उघडला. ते एक वाक्य खोडले आणि कंपनीला कळवले की त्या जलाशयावर मला पुन्हा जायचे आहे. काठच्या गावांत कोण गाळपेर करतो, मासेमारी कोणत्या महिन्यांत चालते, होड्यांची वाट कुठून, हे पाहिल्याशिवाय पॅनेलची जागा दाखवता येणार नाही. उत्तर आले की हे कामाच्या कक्षेत बसत नाही. मी स्वखर्चाने गेलो. तीन दिवस लागले. सतरा गाळपेरवाले भेटले. नकाशावर मी पॅनेलची जागा धरणाच्या भिंतीजवळच्या खोल पाण्याकडे सरकवली. तिथे उन्हाळ्यातही पाणी राहते आणि पेरणी कोणी करत नाही. त्याने केबल वाचते, पण नांगरणीचा खर्च वाढतो, म्हणजे पॅनेल तळाशी बांधून ठेवण्याचा. पाणी खोल असले की दोर लांब लागतात. दोन्हींची बेरीज-वजाबाकी अहवालात मांडली. कंपनीने अहवाल घेतला, पैसे चार महिन्यांनी दिले आणि पुढच्या टप्प्याचे काम दुसऱ्या सल्लागाराला गेले. त्याने जागा कुठे धरली हे मला कळलेले नाही. मुलगी म्हणते, विचारून बघ. अजून विचारलेले नाही.

त्या वर्षी पाऊस जुलैत उशिरा आला, पण आला तो दणकून. रोज सकाळी आई चौकट वाचून दाखवू लागली. मीही आता चहा घेऊन तिच्याजवळ बसायला लागलो होतो. एक दिवस मामेभावाचा फोन आला की कळससुद्धा दिसत नाही. मी आईला सांगितले. तिने पेपरची घडी घातली.

"उखळ धुऊन निघालं असेल," ती म्हणाली आणि मुलीला डबा भरायला उठली.